चंद्रकोरीतला जामीन दोरा

लोकरीचं काम करणारा माणूस उन्हाळ्यात काय करतो, हे मला लोकांनी जन्मभर विचारलं. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या पेठेत माझं स्वेटरचं दुकान होतं. बाहेर असं ऊन की कुत्री गटारीत जाऊन बसलेली, आणि आत मी लोकरीच्या ढिगात. येणारा-जाणारा डोकवायचा आणि म्हणायचा, "नाना, कुनासाठी इनताय? सूर्याला थंडी वाजली का काय?" स्वेटर थंडीत विकतात पण विणतात उन्हाळ्यात, हे सांगून मी थकलो. पापडसुद्धा उन्हाळ्यातच लाटतात. पण पापड लाटणाऱ्या बाईला कुणी असं विचारत नाही.

आता या दिवाळी अंकवाल्यांनी धंद्यावर लिहा म्हणून सांगितलं आहे. मी चौथी शिकलो. पुढं शाळा नव्हती असं नाही, मलाच नको होती. शुद्धलेखन माझी मुलगी मंदा बघणार आहे. वाक्यांना तिला हात लावू देणार नाही. धंदा कधी काढला, कधी वाढला, कधी बसला, हे मी सांगत बसत नाही. सगळ्यांचे धंदे तसेच निघतात आणि तसेच बसतात. माझी बायको कौसा गेल्या साली गेली. दुकान दोघांचं होतं, म्हणून लिहिताना ती मध्ये येणार. त्याला माझा इलाज नाही.

माझा बाप घोंगडी विणायचा. मेंढीची लोकर, हातमाग, वरून चिंचोक्याची खळ. ती घोंगडी जमिनीवर उभी केली तर उभी राहायची. मी मात्र स्वेटरच्या मशीनवर बसलो. लोखंडी बाकावर आकडीच्या सुयांच्या दोन रांगा असतात, त्यावरून एक गाडी इकडून तिकडं सरकवायची, खर्रर्र. गाडी एकदा गेली की एक ओळ तयार. खाली कापडाला वजनं टांगलेली असतात, म्हणून वीण ताठ येते. लुधियानाहून लोकरीचे कोन यायचे. शाळांचे स्वेटर, कारखान्यावरच्या वॉचमन लोकांचे स्वेटर, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या माणसांच्या कानटोप्या, असं आमचं काम.

कौसाचं काम हाताचं. दोन सुया आणि तोंड. तोंड अशासाठी की ती मोजायची मोठ्यानं. माहेरी नगरला शेजारच्या एका बाईंकडून ती विणकाम शिकली होती. वाचता येत नव्हतं, त्यामुळं पुस्तकातले नमुने बघायचा प्रश्नच नव्हता. सगळं तोंडपाठ. "दोन सुलट, धागा पुढं, दोन येकत्र, येक सुलट..." दिवसभर हेच. मशीनची खर्रर्र थांबली की तिचं मोजणं ऐकू यायचं. मध्येच कुणी काही विचारलं तर ती हाताचा पंजा वर करायची. म्हणजे थांबा. ओळ संपेपर्यंत राजा आला तरी थांबा. मी विचारायचो, "च्या टाकू का?" पंजा वर. मग मी दुसऱ्या कामाला लागायचो, विसरूनही जायचो, आणि मागून एकदम आवाज यायचा, "टाका."

माझ्या बापाला तिची जाळीची वीण आवडली नाही. मंदाच्या वेळी कौसानं जाळीचं टोपरं केलं होतं. म्हाताऱ्यानं ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाला, "घोंगडीला भोक पडलं तर आमी रफू करतो. आन् ही पोरगी मुद्दाम पाडती व्हय!"

कौसा म्हणाली, "मामंजी, तुमची घोंगडी थंडी आडवती. माजं टोपरं पोरगी दाखवतं."

म्हाताऱ्याला गप्प बसवणारी घरात ती एकटीच.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मारुती. राहुरीकडच्या एका गावची मंडळी आली. थंडीत देवाला शाल पांघरतात, स्वेटर घालतात, हे आपल्याकडं आहेच. ते म्हणाले, "नाना, औंदा देवाला सोताचा सवेटर पायजे. भायेरचा नको." मी माप घ्यायला गेलो. पुजारी आडवा आला. देवाची पूजा झालेली, टेप लावायचा नाही. मग त्यानंच सुताचा दोरा घेऊन छाती मापली, लांबी मापली, आणि दोरा माझ्या हातात दिला. मी मापानं अस्सल भगवा स्वेटर केला. पुढं, पाठ, दोन बाह्या, गळा.

शनिवारी सगळं गाव जमलं. आणि तेव्हा कळलं की मारुतीला पाठच नाही. मूर्ती शिळेत कोरलेली, मागं सपाट दगड. शिवाय उजव्या हातात डोंगर, तो हात वर. स्वेटर घालायचा कुठून? पुजारी माझ्याकडं बघतो, मी पुजाऱ्याकडं बघतो. एक म्हातारा म्हणाला, "नाना, देवाला जरा हात खाली कर म्हनावं, दोन मिन्टं."

कौसा बरोबर होती. ती तिथंच पायरीवर बसली, स्वेटरची पाठ उसवली, एक बाही उसवली, आणि निघालेल्या लोकरीचे बंद वळून दिले. ते शिळेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना बांधले. देव छान दिसला. घरी येताना एसटीत ती मला म्हणाली, "मापाचा दोरा बघत बसला. मानूस हुबा कसा हाय ते बघाय नको का?" मी म्हणालो, माणूस नव्हता, देव होता. ती म्हणाली, "मंग त्येच्या पाया पडताना तरी बघायचा."

ते काम पुढं दर सालाचं झालं. माप मात्र दर साली नवं, कारण शेंदराचे लेप चढत जातात आणि देवाचं अंग भरत जातं.

दुसरं एक गिऱ्हाईक आठवतं. तो शेतकरी माणूस होता. वडील गेलेले. त्यांचा जुना स्वेटर घेऊन आला, म्हणाला, हा उसवा आणि माझ्या पोराला करा. असलं काम आम्ही करायचो. उसवलेली लोकर सरळ नसते. ज्या टाक्यात ती इतकी वर्षं बसलेली असते त्याचा आकार तिच्यात राहतो, शेवयांसारखी कुरळी निघते. मग तिची लडी करून वाफेवर धरायची, नाहीतर भिजवून वजन लावून वाळत घालायची, की कुरळेपणा जातो. तो माणूस लोकरीचा तो ढीग बघत उभा राहिला. म्हणाला, "ही आशीच ठिवता यील का?"

मी म्हणालो, "न्हाई. कुरळ्या लोकरीची वीण वाकडी दिसती."

"न्हाई, बापाचं आंग हुतं ह्याच्यात, म्हनून म्हनलं."

मी किटली ठेवली आणि वाफ दिली. धंद्याची रीत ती. तो बाहेर बाकावर जाऊन बसला. मला वाटलं, माणूस जरा सटक आहे.

आता चंद्रकोरीचं सांगतो.

आपटेबाई आमच्या गावातल्या शाळेत शिकवायच्या. अर्ध्या बेलापूरनं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्या एक शाल घेऊन दुकानात आल्या. लेकीनं परदेशातून पाठवलेली. पातळ, नुसती जाळी, आणि आकार चंद्रकोरीचा. मध्ये रुंद आणि दोन्ही टोकं निमुळती. पुढून टोकं सोडली की खांद्यावरून घसरत नाही.

"कौसाबाई, अशीच एक करून द्याल का? ही बहिणीला आवडलीय. तिला नाही म्हणवत नाही आणि मला सोडवत नाही."

कौसानं ती शाल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "ठिवून जा."

परक्या लोकांना विणकामाचं काही कळत नाही म्हणून सांगतो. विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. बाकी सगळे नमुने म्हणजे या दोघांची भांडणं. जाळी करायची तर सुईवरून धागा रिकामा घ्यायचा, तिथं भोक पडतं आणि एक टाका वाढतो. मग शेजारचे दोन टाके एकत्र विणून तो वाढलेला टाका मारायचा. तेवढा हिशेब पाळला की भोकांची पानं होतात, वेली होतात. चंद्रकोरीची सुरुवात मानेमागं, मणक्याचं हाड असतं तिथं. तिथं चार बोटं पट्टी विणायची, आणि मग दोन्ही कडांना टाके वाढवत जायचं. कडा पुढं पळतात, मधलं मागं राहतं, आणि वीण आपोआप वाकते. वाढ कमी पडली तर चंद्रकोर न होता त्रिकोण होतो. जास्त झाली तर झालर.

कौसाचा पहिला त्रिकोण झाला. दुसऱ्या वेळी मध्येच पोट सुटलं. आपटेबाई म्हणाल्या, "कौसाबाई, ही शाल आहे की बाळाची झोळी?" मग मी शहाणपण केलं. मशीनवर दोन अर्धे विणले आणि मध्ये शिवण घातली. शिवण बरोबर मणक्याच्या हाडावर आली. बाईंनी अंगावर घेतली आणि मान वाकडी करून म्हणाल्या, "नाना, मानेवर विंचू बसलाय असं वाटतंय."

कौसा म्हणाली, "बाई, ह्यांचा हात म्हंजी मशीनचा हात. जाळी इनाय बसवलं तरी बैल बांधल्यागत टाका घालत्यात."

हे खरं होतं. मशीनच्या वजनांची सवय, त्यामुळं सुई हातात घेतली तरी माझा टाका आवळला जायचा. कौसाचा टाका सैल, हवा असलेला. तिसरी शाल मात्र तिला साधली. मग आपटेबाईंच्या गोतावळ्यात सगळ्यांनाच चंद्रकोर पाहिजे झाली. कौसानं कानटोप्या सोडून दिल्या.

जाळी विणून झाली की बघवत नाही. मांजरानं खेळून टाकलेली चिंधी वाटते. ती भिजवायची, पंच्यात दाबून पाणी काढायचं, आणि खाटेवर चादरीवर ताणून कडेनं टाचण्या लावायच्या. ताण बसला की मिटलेली भोकं उघडतात, पानं दिसायला लागतात. पहिली टाचणी मानेच्या जागी, ती कौसाच लावायची. शाल वाळेपर्यंत खाट शालीची. आम्ही दोघं खाली जमिनीवर झोपायचो.

आणि जामीन दोरा. साध्या विणीत चूक झाली तर तेवढं उसवायचं आणि टाके परत सुईवर घ्यायचे. जाळीत तसं होत नाही. सुई काढली की टाके चारी वाटांनी पळतात, कोण कुठला कळत नाही. म्हणून पानांची एक रांग पुरी झाली की कौसा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून एक बारीक लाल दोरा ओवून ठेवायची. वर कितीही चुकलं तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं, दोरा टाक्यांना धरून ठेवतो. पुढची रांग बरोबर आली की तोच दोरा काढून वर ओवायचा. काम संपलं की काढून टाकायचा. त्याला तिच्याकडं नाव नव्हतं. जामीन दोरा हे नाव माझं. ती म्हणायची, "जामीन हाय तवर चोरी कराय भ्या न्हाई."

पण चूक मात्र ती ठेवायची नाही. एकदा मशीनची एक सुई वाकली आणि शाळेच्या एका स्वेटरच्या पाठीवर बारीक रेघ आली. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. पाठीवर हाय, दप्तराखाली जाईल. कोन बघतंय?"

"पोरगं घरी गेल्यावर दप्तर काढत न्हाई का?"

उसवला. सगळी पाठ उसवली.

गेल्या साली आपटेबाईंचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. माणूस ऐंशीच्या पुढं गेला की त्यानं हजार पौर्णिमा बघितल्या असं धरतात, आणि घरचे लोक सोहळा करतात. बाईंचा मुलगा श्रीकांत पुण्याहून येऊन सांगून गेला, आईला चंद्रकोरच द्यायची, कौसाकाकूंच्याच हातची. कौसा खूश. म्हणाली, "हजार चंद्र लांबून बघितले बाईंनी. आता येक आंगावर घ्या म्हनावं." लोकर तिनं सायीच्या रंगाची निवडली.

तिचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. पायावर सूज, दम. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मी म्हणालो, ते मला आधीच माहीत होतं. डॉक्टर हसले नाहीत. तिला आडवं झोपता येईना, म्हणून उशांना टेकून बसायची आणि बसल्या बसल्या विणायची. मोजणं बारीक झालं होतं. विणता विणता डोळा लागायचा, सुया हातातच. जागी झाली की जिथं होती तिथून पुढं सुरू. एक दिवस मी विचारलं, "दवाखान्यात जायचं का परत?" पंजा वर. मी थांबलो. ओळ संपली. म्हणाली, "नको."

गणपती उठले, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. सकाळी. त्याबद्दल एवढंच.

दिवस झाल्यावर श्रीकांत भेटायला आला. जरा वेळ बसला, मग म्हणाला, "नाना, आईनं सांगितलंय, शालीचं मनावर घेऊ नका. सोहळा मार्गशीर्षात आहे, आम्ही दुसरं काहीतरी घेऊ."

"कशाला? व्हईल की."

"करणार कोण?"

"मी."

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. चांगला माणूस, पुढं काही बोलला नाही.

मंदा माझ्याकडं राहायला आली होती. ती बोलली. "आबा, जाळी तुमाला कुटं येती?"

"जाळी येत न्हाई. मोजनी येती."

खोटं नव्हतं. इतकी वर्षं मशीनवर बसून मी ते ऐकलेलं. हाताला नसेल, कानाला पाठ होतं.

कौसाची पिशवी खुंटीला होती. मंदानं काढली, आम्ही वीण खाटेवर पसरली. मानेची पट्टी, दोन्ही कडांची वाढ, पानांच्या रांगा, सगळं तिचं असतं तसं. लाल दोऱ्यापर्यंत. दोऱ्याच्या वर पानं घसरली होती. एक पान अर्धंच, दुसऱ्याचं देठ भलतीकडं, मध्येच एक भोक आपलं आपणच. झोपेत चालणाऱ्या माणसाची पावलं पडावीत तशी ती वीण गेलेली. ज्या दिवसांत तिचा डोळा लागत होता, त्या दिवसांचं ते काम. तोंडपाठ मोजणाऱ्या बाईची मोजणी पहिल्यांदा चुकली होती, आणि ते तिला कळलं नव्हतं. कळलं असतं तर तिनं ठेवलं नसतं.

पुढं विणायचं तर दोन वाटा. एक, तेवढी वीण तशीच ठेवून वर चढायचं. मग शाल कायमची तिथं तिरकी. दुसरी, दोऱ्यापर्यंत उसवायचं. म्हणजे तिच्या हातचं शेवटचं काम माझ्या हातानं मोडायचं.

मंदा रडली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना, आबा. आईच्या हातचं हाय. कोन बघतंय?"

हे वाक्य मी तिच्या आईला म्हणालो होतो. त्याचं उत्तर मला माहीत होतं. तरी मी वीण पिशवीत घातली आणि पिशवी परत खुंटीला लावली. बरेच दिवस ती तिथंच राहिली. मी जेवायचो, पेठेत जाऊन यायचो, पिशवीकडं पाठ करून बसायचो. सोहळा जवळ यायला लागला. मी उगाच जुन्या लोकरीवर सुया चालवून बघितल्या. टाका आवळलेला, बैल बांधलेलाच. मग एका नंबरानं जाड सुई घेतली. मग अजून जाड. त्या सुईवर माझा आवळलेला टाका कौसाच्या सैल टाक्याएवढा यायला लागला. म्हणजे ते कारणसुद्धा राहिलं नाही.

एका सकाळी ओसरीवर ऊन आलं तेव्हा पिशवी काढली. मंदाला म्हणालो, आत जा. ती गेली नाही. मी सुई काढून घेतली, धाग्याचं टोक धरलं आणि ओढलं. जाळी उसवताना आवाज फार येत नाही. ओळीमागून ओळ गेली. मी वेगानं ओढत होतो, थांबलो असतो तर परत पिशवीत घातली असती. लाल दोऱ्यापाशी धागा आपोआप थांबला. सगळे टाके दोऱ्यात जागच्या जागी बसलेले. जामीन बरोबर उभा राहिला.

मांडीवर लोकरीचा ढीग पडला होता. सगळी कुरळी.

मंदा म्हणाली, "आबा, किटली ठिवू का?"

मी म्हणालो, "नको."

टाके जाड सुईवर घेतले, दोरा जागीच ठेवला, आणि वाफ न देता ती लोकर मी तशीच विणायला घेतली. धंद्यात असं मी कधी केलं नव्हतं, दुसऱ्याला करू दिलं नव्हतं. बोटांतून धागा जाताना त्याचे वळसे कळत होते. हा तिचा सुलट, हा तिनं रिकामा घेतलेला धागा, हे दोन एकत्र. तिचे टाके माझ्या बोटांतून जाऊन माझे टाके होत होते. ती लोकर संपली आणि पुढं कोऱ्या गुंड्याचा सरळ धागा आला, तेव्हा हाताला एकदम गुळगुळीत लागलं.

मोजणी मोठ्यानं करावी लागली. मनात मोजली तर चुकायची, तोंडानं म्हटली की बरोबर यायची. कारण मी ती कधी वाचलेली नव्हती, ऐकलेली होती. एकदा मंदा मध्येच येऊन विचारायला लागली, "आबा, भाकरी का चपाती?" मी पंजा वर केला. ती तिथंच उभी राहिली, मग आत गेली. ओळ संपल्यावर मी ओरडून सांगितलं, भाकरी.

शाल पुरी झाली. घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि भिजवली. पाण्यात लोकर ढिली होते, आपला जुना आकार सोडते. जन्मभर मीच लोकांना हे सांगितलेलं. मी घमेल्यापाशी बसून राहिलो. काढली तेव्हा कुठली लोकर कुरळी होती आणि कुठली सरळ, काही राहिलं नव्हतं. सगळी एकसारखी. त्या शेतकऱ्याची तेव्हा आठवण झाली. तो सटक नव्हता.

खाटेवर ताणली. पहिली टाचणी मानेच्या जागी मंदाला लावायला लावली. पानं उघडली. मी खाली जमिनीवर झोपलो.

वाळल्यावर टाचण्या काढल्या, घडी घातली. लाल दोरा मात्र काढला नाही. काढायला हात लावला आणि म्हणालो, उद्या. उद्याचं परवावर गेलं. तिची वीण कुठं संपली आणि माझी कुठं लागली याची खूण तेवढीच होती. सोहळ्याच्या दिवशी शाल दोऱ्यासकट घेऊन गेलो. आमच्या दुकानातून दोरा राहिलेला माल बाहेर गेला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आपट्यांच्या घरी माणसं भरलेली. लेकी, सुना, नातवंडं. बाईंना मध्ये खुर्चीवर बसवलेलं. दिव्यांनी औक्षण झालं. मी कोपऱ्यात होतो, बाईंनीच हाक मारली. "नाना, पुढे या. आणलीय ना?"

मी शाल दिली. बाईंनी चष्मा लावला, घडी उलगडली, आणि वही तपासावी तशी वरून खाली बघत गेल्या. बोट लाल दोऱ्यावर थांबलं.

"हे काय हो?"

"दोरा हाय. ऱ्हायला काढायचा."

"तुमच्याकडून? राहिला?"

मग मी सांगून टाकलं. दोऱ्याच्या मानेकडची बाजू कौसाची, पुढची माझी. श्रीकांतची बायको हळूच म्हणाली, "आई, राहू दे ना तो दोरा. आठवण म्हणून."

बाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "नाना, काम पुरं झालंय ना?"

"झालंय."

"कौसाबाईंनी दोरा ठेवला असता?"

"न्हाई."

"मग काढा."

मी गुडघ्यावर बसलो, दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. कुठं अडकेल असं वाटलं होतं. अडकला नाही. तिनं ओवलेला दोरा कधीच अडकायचा नाही. एका दमात सगळा बाहेर आला आणि माझ्या हातात राहिला.

बाईंनी शाल दोन्ही हातांनी दिव्यांच्या बाजूला धरली. "आता दाखवा बघू, तुमचं कुठून सुरू होतं?"

मी चष्मा पुसून लावला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितलं. उजेडात धरून, उलट बाजूनं, बोट फिरवून बघितलं. मशीनवर बसून वाकलेली एक सुई ओळखणारा माणूस मी.

"न्हाई सापडत, बाई."

"कुठेतरी बैल बांधलेला असणार," बाई म्हणाल्या, "पण मलाही नाही दिसत." आणि त्यांनी शाल अंगावर घेतली. टोकं पुढं सोडली. खांद्यावरून घसरली नाही.

दुकानाच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं विकतात. मशीन घरी आहे, त्यावर मंदा वाळवणाचे डबे ठेवते. थंडी लागली की रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून स्वेटर विकणारे येतात, त्यांचा माल चांगला असतो, मी नावं ठेवत नाही. मारुतीची मंडळी यंदा आली होती. त्यांना म्हणालो, माप पुजाऱ्याकडून नको, मी येऊन बघतो.

या उन्हाळ्यात मी ओसरीवर बसून एक चंद्रकोर विणायला घेतली आहे. कुणी सांगितलेली नाही. लाल दोरा तोच घातला आहे. दुपारी गल्लीत कुणी नसतं, आणि माझं मोजणं चालू असतं. शेजारची सुमन धुणं वाळत घालायला येते. ती विचारते, "नाना, कुनाशी बोलताय?"

मी पंजा वर करतो. ओळ संपली की सांगतो, मोजतोय म्हणून. तोवर ती आत गेलेली असते.